झाडाच्या गाभ्यात शिरणारं गिरमिट

"बाबा, तुमची झाडं तर मरतायत. मग तुम्हाला पगार कशाचा देतात?"

"हिंमत असेल तर विचारून दाखव," असं मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून मुलीने भर जेवणात हा प्रश्न विचारला. आई फिस्कन हसली. बाबांचा घास हातातच राहिला. मी खिळ्याला लटकून ऐकत होतो.

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. पण सुताराकडचं नव्हे हं! मी आतून पोकळ, अस्सल पोलादाचा. झाडाच्या गाभ्यापर्यंत शिरतो आणि पेन्सिलीसारखी लाकडाची कांडी बाहेर आणतो. तिच्यावर झाडाचं एकेक वर्ष वलय होऊन बसलेलं असतं. पाऊस चांगला, तर वलय ऐसपैस. पाऊस कमी, तर चिंचोळं.

बाबा जंगलखात्यात. पूर्वी मला तेल चोळून "माझा वाघ" म्हणायचे. पण टेकडीचा उतार वर्षानुवर्षं तापत गेला, पाऊस आखडला, वलयं केसाएवढी झाली. मी तेच तेच वाईट सांगतो म्हणून त्यांनी मला टांगलं. मला गंज चढला. खरं बोलणाऱ्याचे हे लाड!

आईची रोपवाटिका. दर वर्षी ती उतारावरच्या, जुन्या भरपूर पावसाला सोकावलेल्या म्हाताऱ्या झाडांचंच बी लावते. परकं बी वाफ्यात येऊ देत नाही. रोपं उतारावर जातात आणि उन्हाळ्यात जळतात. दर वर्षी!

प्रश्न झोंबला म्हणून बाबांनी मला खाली काढलं आणि आईच्या सर्वांत लाडक्या झाडात फिरवलं. कांडी निघाली. सालीजवळची, म्हणजे अलीकडच्या वर्षांची वलयं मुलीला दिसेचनात.

"आई, हे झाड उपाशी आहे."

"काहीतरीच! यंदा जगतील माझी पोरं."

"तूच मारतेस त्यांना. लाडाने."

आई पांढरीफटक पडली. मुलीने सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

मित्रांनो, झाडांवर माया जरूर करा. पण मायेने पाऊस पडत नाही, आणि उतार आता पूर्वीचा राहिलेला नाही, हे आधी मान्य करा.

चार दिवसांनी सकाळी मुलगी मातीने माखलेले हात घेऊन घरात आली.

"आई, बाबा, वाफ्यातली सगळी रोपं मी उपटली. पलीकडच्या कोरड्या टेकड्यांवरून बी आणलंय. आजपासून उतारावर तीच झाडं वाढणार. आपलं एकही नाही. आई, रडून घे हवं तर, पण वाफ्याकडे येऊ नकोस."