तपासले – ठीक

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, बॅकअपचा. तळहाताएवढा, काळा, मागे वायरचं शेपूट. या घरात माझ्याइतकं भरवशाचं दुसरं कोणी नाही. अकरा वर्षं या घराचा सगळा जीव माझ्या पोटात सुखरूप होता. दाराचं कुलूप, कपाटाची किल्ली, गादीखालची पाकिटं, सगळी माझ्यापुढे पोरंटोरं.

पुरे झाली थाप. माझ्या पोटात अकरा वर्षं होती ती फक्त लिफ्टची घरघर.

शिक्षण विचाराल तर शून्य आणि एक. दोनपर्यंतसुद्धा मजल गेली नाही. पण माणसं मात्र पुष्कळ वाचली, आणि वाचून किळस आली. ती सांगायलाच बसलोय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला उचललं, कानाशी धरलं, मान हलवली आणि खोक्यात घातलं. आयुष्यात मला कोणी नीट तपासलं असेल तर ते तिनेच. पुढे सोळा महिने दुकानाच्या फळीवर काढले, एका बाजूला टेबलफॅन, दुसऱ्या बाजूला न खपणारे हेडफोन. मग एक दिवस मालक आले आणि त्यांनी दुकानातच माझं खोकं दातांनी फाडलं. तेव्हाच ओळखलं, आपलं पुढचं आयुष्य कसं जाणार ते.

मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. एकतीस वर्षं नोकरी, आता निवृत्त. राहतात तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरले की अजूनही कान भिंतीला लावतात. शेजारी जिन्याने जाणं पसंत करतात.

त्यांच्या बाई शिवणकाम करतात. पण तुमचं-आमचं साधं शिवणकाम नव्हे. दुकानातले कपडे ज्यांच्या अंगाला बसतच नाहीत, त्यांच्यासाठी त्या कपडे बेततात. कोणाचा एक खांदा खाली, कोणी चाकाच्या खुर्चीत, कोणाला बटणं लावायला एकच हात. माणसं मेलने मापं पाठवायची, बाई कॉम्प्युटरवर पॅटर्न आखून मेलने परत पाठवायच्या, आणि ते लोक आपापल्या गावच्या शिंप्याकडून शिवून घ्यायचे. अशी त्र्याऐंशी माणसं आणि त्र्याऐंशी पॅटर्न. पहिला पॅटर्न बाईंच्या थोरल्या बहिणीचा, ताईंचा. त्यांचा डावा हात कोपरात वाकलेलाच राहायचा. खांद्यापासून मनगटापर्यंत उघडणारी बाही बाईंनी त्यांच्यासाठी काढली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. ताई आता नाहीत.

तर हे सगळं सांभाळायचं काम माझं. निदान तसं ठरलं होतं.

रविवारची आंघोळ झाली की मालक टेबलावर पांढरा रुमाल अंथरायचे. नोकरीतून आणलेली ‘काम चालू आहे’ अशी पत्र्याची पाटी खुर्चीच्या पाठीला अडकवायचे. मग मला खणातून बाहेर काढायचे. त्या खणाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलतोच. नखं कापायची कात्री, आणि कापलेली नखंसुद्धा. मुदत संपलेल्या गोळ्या. हिरवा रस गळणारे सेल. अकरा वर्षं मी त्यांच्या अंगाला अंग लावून झोपलो. बाहेर काढल्यावर मालक माझ्या तोंडात ‘फू’ करायचे. धूळ जायची की नाही देव जाणे, थुंकी मात्र नक्की यायची.

“कोणी हात लावू नका, बॅकअप चालू आहे,” ते घोषणा करायचे. ताई गेल्यापासून घरात दोनच माणसं, त्यातली एक हे स्वतः.

“मी कशाला हात लावतेय,” बाई मशीनवरून म्हणायच्या.

आता चूक ऐका. कॉम्प्युटर बसवताना दुकानवाल्याने सांगितलं होतं, महत्त्वाचं काम आतल्या दुसऱ्या कप्प्यात ठेवा. त्याप्रमाणे बाईंचे पॅटर्न आणि मेल आतल्या कप्प्यात होते, आणि समोरच्या पडद्यावर होती फक्त त्यांची चित्रं. कोपऱ्यात वाकडा बाण असलेली. चित्रावर टिचकी मारली की आतला कप्पा उघडतो, एवढंच त्या चित्राचं काम. मालक दर रविवारी पडद्यावरची ती चित्रं उचलून माझ्यात टाकायचे. म्हणजे घराच्या दाराचा फोटो काढून खिशात घालायचा आणि म्हणायचं, घर खिशात आलं.

तुम्ही म्हणाल, अकरा वर्षांत शंका कशी आली नाही? त्याला कारण मालकांचा छंद. लिफ्टचे आवाज. कुठेही गेले की तिथल्या लिफ्टचा आवाज फोनवर टिपून घ्यायचे. ते आवाज मात्र पडद्यावरच्या फोल्डरमध्ये खरेखुरे पडलेले होते, चित्र नव्हे. ते इमानेइतबारे माझ्यात उतरायचे. शिवाय टक्कल कुठवर आलं हे पाहायला काढलेले स्वतःच्या डोक्याचे मागून फोटो, दर महिन्याचे. अकरा वर्षांचं टक्कल मी पोटात वाढवलंय. पोटात तसं पोर वाढवलं असतं तर आज शाळेत गेलं असतं.

“बघ, मागच्या रविवारपेक्षा जास्त भरला,” मालक खूश होऊन सांगायचे.

“माझं सगळं आहे ना त्यात?”

“अगं, नसायला काय झालं?”

बरं, मेल तरी बाहेर कुठे शिल्लक राहावी? तर तीही सोय मालकांनी मोडून ठेवली होती. आपली पत्रं परक्याच्या घरात कशाला, म्हणून मेल घरी उतरली की मेल पुरवणाऱ्या कंपनीकडची प्रत पुसली जाईल असं त्यांनी स्वतः बसवलं होतं. त्याचाही अभिमान होता.

शेवटी यायची ती नोंदवही. लिफ्टमध्ये तपासणीचं कार्ड असतं, तशी त्यांनी माझी वही केली होती. तारीख, शेरा ‘तपासले – ठीक’, आणि खाली कोंबडीने पाय आपटावेत तशी सही. अशा साडेपाचशेच्या वर सह्या. पाहुणे आले की वही दाखवायचे आणि सांगायचे, “एकतीस वर्षांत स्वतः बसल्याशिवाय मी एकाही लिफ्टवर सही केली नाही. आधी मी वर जाऊन येणार, मग बाकीची माणसं.”

मला मात्र त्यांनी एकदाही उघडून पाहिलं नाही. भरायचं, पुसायचं, नखांत टाकायचं. मला सगळं ठाऊक होतं, आणि खरं सांगतो, पहिली काही वर्षं मला मजा आली. सही झाली की मी आतल्या आत खिदळायचो. फजिती पाहायची होती मला. म्हातारा झालो तरी खोड गेली नाही.

ती वेळ एका बुधवारी दुपारी आली.

बाईंना एका रुग्णालयाचं पत्र आलं होतं. अपघातातून उठलेल्या लोकांसाठी त्यांच्या सगळ्या पॅटर्नचं पुस्तक काढायचं होतं. सोमवारी सकाळपर्यंत सगळं पोचायला हवं; नाही पोचलं तर छापखान्यातली जागा दुसऱ्या पुस्तकाला. बाई दोन आठवडे हसऱ्या तोंडाने फिरत होत्या. आणि बुधवारी कॉम्प्युटरच्या आतून आवाज आला, टक, टक, टक.

मालकांनी कान लावला. “बेअरिंग गेलं.”

दुरुस्तीवाला आला. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात. त्याने कॉम्प्युटर उघडला, पाहिलं, चष्मा काढून ठेवला.

“साहेब, याची छाती गेली. तबकडीवर ओरखडे पडलेत. आता कुठेही पाठवलात तरी भुसाच हाती येईल.”

“पण कप्पे दोन होते,” बाई म्हणाल्या.

“कप्पे दोन असतील मॅडम, छाती एकच.”

बाईंचा चेहरा उतरला. मालक मात्र उठले, हात धुऊन आले, रुमाल अंथरला आणि त्यावर मला ठेवलं. “घाबरतेस काय? हा डबा काय शोभेला ठेवलाय?”

दुरुस्तीवाल्याने मला आपल्या लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर चित्रं आली. पॅटर्न. मेल. सगळी जागच्या जागी. मालकांनी बाईंकडे पाहिलं, भुवया उंच करून. दुरुस्तीवाल्याने टिचकी मारली. काही उघडलं नाही. पुन्हा मारली.

“साहेब, हे नुसते बाण आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाटी आहे, दुकान नाही.”

“असं कसं? साठ टक्के भरलाय तो. तो खालचा फोल्डर उघडा.”

त्याने खालचा उघडला. खोलीभर आवाज झाला, घर्रर्र, खट्, पुन्हा घर्रर्र. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन थांबली.

“कुठली ही?” बाईंनी विचारलं.

“वाचनालयाची,” मालक हळूच म्हणाले. “दरवाजा घासतोय.”

“स्वच्छ ऐकू येतंय.”

याच फजितीची मी अकरा वर्षं वाट पाहत होतो. आली, आणि मला हसू येईना. किळस आली, ती या खेपेला स्वतःची. बाई टेबलाच्या कडेला बोटाने माप घ्यावं तशी वीत मोजत होत्या, पुन्हा पुन्हा तीच वीत.

मग त्या उठल्या आणि मशीनच्या खणातून एक वही काढली. तेलाचे डाग, शिसपेन्सिलीचं अक्षर. प्रत्येक माणसाचं नाव, फोन नंबर, आणि कोणाला काय जमत नाही त्याची नोंद. या वहीला मालक इतकी वर्षं हसत आले होते. आजच्या जमान्यात वही कोण ठेवतं, म्हणून.

बाईंनी फोन लावायला सुरुवात केली.

“मी शिवणवाली बोलतेय. तुम्हाला पाठवलेला तो पॅटर्न आहे का हो अजून? मलाच परत पाठवाल?”

माणसांच्या घाणेरड्या सवयींना मी आयुष्यभर नावं ठेवली. त्यातल्याच एका सवयीने बाईंना वाचवलं. माणसं मेल पुसत नाहीत. एकाकडे एकोणीस हजार पत्रं न उघडता पडलेली, तो त्या उकिरड्यात दोन तास शिरून बाईंचं पत्र काढून घेऊन आला. एकीने पॅटर्न छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, तिने फोटो पाठवला. एक म्हातारेबुवा म्हणाले, “बाई, तुमच्या पँटमुळे मी एकटा बाहेर पडायला लागलो. तुमचं पत्र मी पुसेन?” दुरुस्तीवाल्याने स्वतःचा लॅपटॉप ठेवून दिला आणि परत मागायला आला नाही. मालक फोन नंबर वाचून दाखवायचं काम करत होते. त्यांना दुसरं कोणी काही सांगितलं नव्हतं.

शनिवारपर्यंत एकाहत्तर आले. चार बाईंनी आठवणीतून पुन्हा आखले. सात कायमचे गेले. कोणाचा नंबर बदललेला, कुठे माणूसच उरलं नव्हतं. आणि एक राहिला. पहिला. ताईंचा.

तो मेलने कधी गेलाच नव्हता. ताई तेव्हा शेजारच्याच खोलीत राहायच्या.

रविवारी सकाळी बाईंनी कपाटातून ताईंचं जॅकेट काढलं. राखाडी, डाव्या बाहीला बंद. त्या बाहीचा आकार आता फक्त त्या जॅकेटात उरला होता, आणि तो कागदावर घ्यायचा तर जॅकेट उसवावं लागणार होतं. बाईंनी कात्री घेतली, परत ठेवली.

“राहू दे ना,” मालक म्हणाले. “एक नसला तर नसला.”

“तोच नसला तर बाकीचे कशाला?”

मालकांनी चष्मा लावला आणि समोर बसले. बाई टाका कापायच्या, मालक चिमट्याने दोरा ओढायचे. त्यांचे हात लिफ्टच्या जाड तारांना सरावलेले, पण एकही दोरा त्यांनी तुटू दिला नाही. बाही टेबलावर सपाट पसरली तेव्हा आत खिशाजवळ ताईंचा एक पांढरा केस निघाला. बाईंनी तो कागदात गुंडाळून वहीत ठेवला. त्या रविवारी बॅकअप झाला नाही आणि पाटीही लागली नाही.

सोमवारी शहात्तर पॅटर्न गेले. पहिल्या पानावर ती बाही आहे.

मालकांनी मला उचललं ते कचऱ्याच्या डब्यात टाकायला. बाईंनी त्यांच्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, “राहू द्या. पोटात काही नसताना अकरा वर्षं घरात मिरवणारा तो काय एकटाच आहे?”

तेव्हापासून मी शिवणाच्या टेबलावर आहे. बाई पॅटर्न आखताना कागद उडू नये म्हणून मला वर ठेवतात. अकरा वर्षं जे माझ्या पोटात यायला हवं होतं, ते आता पोटाखाली आहे. अंगाला खडू लागतो, सुया टोचतात, पण खणातल्या नखांपेक्षा बरं.

तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. काळा, गप्प, खणात. त्याच्यावर विसंबू नका, तो माझ्याच वाणाचा आहे. आज त्याला बाहेर काढा, एक फाइल उघडा, डोळ्यांनी वाचा. तोंडात थुंकू मात्र नका.

मालकांनी नवा डबा आणलाय. काल रविवार होता. रुमाल अंथरला, पाटी लागली, अर्ध्या तासाने वही आली. त्यांनी तारीख घातली, ‘तपासले’ लिहिलं आणि सहीसाठी पेन टेकवलं.

बाईंनी मशीन थांबवलं नाही, मान वर केली नाही.

“सही नंतर. आधी बसून वर जाऊन या.”