तिसऱ्या मजल्यावरची झोपाळू बाई

रंगाच्या डब्याचे झाकण. दोरखंडाने आवळलेली ट्रंक. गालाखाली धरलेला तळहात. दगडी पापणी.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. मित्रांनो, मी एक जुनी छिन्नी आहे आणि हा सगळा माझाच संसार आहे.

लोहाराने मला तापवले, ठोकले, पाणी दिले, तेव्हा मी चांगली वीतभर होते. माझा मालक पाथरवट. गावाकडची दगडखाण बंद पडली आणि तो बायकोला, मुलीला व मला घेऊन समुद्रापलीकडच्या शहरात आला. खोली मिळाली, पण मालकीणबाई ट्रंक सोडेनात. म्हणायच्या, "आधी काम पक्कं होऊ दे. पुन्हा बांधायचा व्याप कोण करणार?"

काम मिळाले. एका नव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दर्शनी बाजूला बसवायचा बाईचा चेहरा. मालकाने तो खाली अंगणात बसून घडवला. गावी घरांच्या चौकटी कोरायचा तसाच नाजूक. पापणीची रेघ मी ओढली. येणारेजाणारे वाहवा करत. मी हुरळून गेले.

चेहरा वर चढला आणि आमची तोंडे उतरली. रस्त्यावरून डोळे दिसेचनात! नाजूक पापण्या उन्हात पार पुसून गेल्या.

"काय हो पाहुणे," मुकादम म्हणाला, "बाईला झोपवायला एवढ्या वर नेलंत का?"

गवंडी खो खो हसले. मालकाला तिथली भाषा निम्मीच कळे; हसणे मात्र पुरते कळले.

"उद्या दिवे लागायच्या आत ती जागी झाली पाहिजे," मुकादमाने बजावले. "नाहीतर ती खाली आणि तुम्ही आपल्या गावी."

दुसऱ्या दिवशी मालक मला कमरेला खोचून परांचीवर चढला. मालकीणबाई मुलीला घेऊन समोरच्या पदपथावर उभ्या राहिल्या. गाड्यांच्या गोंगाटात आवाज वर पोचेना, म्हणून त्या गालाखाली तळहात धरत. अजून झोपलीय! मग आम्ही आणखी खोल जायचो. मालकाचा हात कापत होता. मला वाटले, आपलीच नजाकत मोडतोय म्हणून. डोळ्यांच्या जागी काळ्याभोर खोबणी झाल्या. जवळून बाई भयंकर दिसू लागली. "गेली, कामातून गेली," मालक पुटपुटला.

तेवढ्यात खाली मालकीणबाईंनी गालाखालचा हात काढला. मुलीला कडेवर उचलले, वर बोट दाखवले. मुलीने त्या दगडी बाईला टाटा केला.

संध्याकाळी ट्रंक उघडली.

पुढे आम्ही सिंह घडवले, द्राक्षांचे घोस घडवले, एका बँकेवर तर घुबडही बसवले. दर वेळी धार लावताना मी झिजत गेले. आता बोटाएवढी उरले आहे. मालक गेला, आणि जावईबापूंनी माझ्याने रंगाच्या डब्यांची झाकणे उचकटायला सुरुवात केली. धार बोथटली, अंगावर गंज चढला.

एकदा मुलीने पाहिले मात्र, ती कडाडली, "अहो! बाबांची छिन्नी आहे ती, चमचा नव्हे!"

आता मी तिच्या पिशवीत असते. ती जुन्या इमारतींचे दगडकाम दुरुस्त करते. गेल्या आठवड्यात आम्ही झोपाळू बाईच्या मानेजवळचा सांधा साफ केला. बाई टक्क जागी आहे.

मित्रांनो, हत्यार वापरलेत की पुसून ठेवा. आणि रस्त्याने जाताना कधीतरी मान वर करा. कोणीतरी केव्हाचे तुमच्याकडे पाहत असेल.

माझ्या मालकाला उंचीची भीती वाटत असे.