गाठीचा जिवंत तुकडा

आईच्या यकृतातल्या गाठीने जगावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. चेष्टा नाही, खरंच. अख्खी गाठ नको, सुईतून येईल तेवढाच तुकडा जगायला हवा होता.

कारण माझी मावशी. ती प्रयोगशाळेत औषधाचे कण बनवते, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारही नाहीत इतके बारीक. नुसते सोडले तर रक्तातले पहारेकरी त्यांना वाटेतच गट्ट करतात. म्हणून ती कॅन्सरच्याच पेशींचं वरचं पातळ आवरण काढून कणांवर चढवते. मग गाठ त्यांना घरचे समजून आत घेते. चोराचा सदरा घालून चोराच्या घरात शिरायचं, असं मी म्हटलं, तर म्हणाली, सदरा त्याच घरातला लागतो बाई, शेजारच्याचा चालत नाही. उंदरांत हे जमलं होतं. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत आईला घेतलं होतं, कारण बाकी सगळे उपाय हरले होते. फक्त आईच्या पेशी जिवंत हव्या होत्या, वाढवायला.

पहिल्या ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ केव्हाच फॉर्मॅलिनमध्ये गेली होती, ही नंतर पुन्हा आलेली. त्यात तुकडा टिकतो, पण मेलेला. म्हणून आज हॉस्पिटलात सुईने नवा तुकडा काढायचा होता. मावशीने पेशी जिवंत ठेवणाऱ्या गुलाबी द्रवाची आपली बाटली आत पाठवली आणि बर्फाचा डबा घेऊन माझ्यासोबत दाराबाहेर थांबली.

सिस्टर बाहेर आल्या. एक तुकडा तपासणीसाठी, एक मावशीसाठी, असं ठरलं होतं. गुलाबी बाटलीत काहीच नव्हतं. दोन्ही तुकडे दुसऱ्या बाटलीत. मावशीने झाकण उघडून वास घेतला आणि भिंतीला टेकली. इतक्या वर्षांच्या सवयीने सिस्टरांचा हात फॉर्मॅलिनकडेच गेला होता. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला धड चिडताही येईना.

डॉक्टर म्हणाले, रक्त थांबत नाहीये, आता पुन्हा टोचणं धोक्याचं. मी त्यांच्या हाताखालून आत घुसले. आईच्या खाटेचा दांडा धरून उभी राहिले. आईने सगळं ऐकलं होतं.

"रक्त थांबलं की टोचा," ती म्हणाली. "नाहीतर ही पोर इथून हलायची नाही."

रक्त थांबायला फार वेळ लागला. या खेपेला बाटली मावशीनेच धरली आणि तुकडा पडताच पळत सुटली. पेशी प्रयोगशाळेतल्या बशीच्या तळाला चिकटल्या तर जगल्या, तरंगत राहिल्या तर गेल्या, एवढं सांगून.

पुढच्या आठवड्यात गणिताच्या तासाला तिचा फोन आला. मी न विचारता वर्गाबाहेर.

"चिकटल्या. आणि भराभर वाढतायत गं."

मी व्हरांड्यात उड्या मारल्या, दप्तर वर्गातच टाकून घरी धावले. आई कुशीवर पडली होती. तिचे डोळे सकाळपेक्षा पिवळे दिसत होते. मी धापा टाकत सांगितलं, वाढतायत.

"इथेही," ती म्हणाली आणि माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला.

हातातला फोन बंद करायचा राहिला होता, मावशी अजून त्यावर होती. औषध कधी तयार होईल, मी विचारलं. महिना तरी, ती म्हणाली.

हात काढायचं मला धाडस होईना.