पेटीतली दलदल

काचेच्या पेटीवर बोटं वाजवत लायल म्हणाला, "ऑर्डिस, हे मेलंय. पेटी मला दे. पोरीच्या सरड्याला घर हवंय."

"सरड्याला म्हणावं, दुसरीकडे बघ," ऑर्डिस भावाला म्हणाली.

वडिलांना पुरून आठवडाही झाला नव्हता. ओट्यावर शेजाऱ्यांनी आणून दिलेल्या नूडल्सच्या तसराळ्या होत्या आणि खिडकीशी ही पेटी. वडील, ऑरिन, जन्मभर विस्कॉन्सिनच्या दलदलीत उतरून लांब दांड्याच्या काट्याने विकायचं शेवाळ ओढून काढत आले. त्यांचे पाय थकल्यावर ऑर्डिसने त्याच दलदलीतलं जिवंत शेवाळ या पेटीत लावून त्यांच्या उशाशी ठेवलं होतं. पुढे दलदल विकली गेली. तिच्यावर वाळू पसरून आता क्रॅनबेरीचे वाफे केलेत. तिथलं जे काही उरलं होतं ते या पेटीत, आणि तेही पांढरट पडून चिपाडासारखं झालेलं.

"मी तर रोज पाणी घालत होते गं," व्हर्ना आत्या दारातून म्हणाली. "तू पाहुण्यांत अडकलेली. म्हटलं, दादाची वस्तू, सुकायला नको."

"कुठलं पाणी, आत्या?"

"कुठलं म्हणजे? नळाचं."

नळाला विहिरीचं पाणी, किटलीत चुन्याचा थर धरणारं. या शेवाळाला पावसाचं नाहीतर बर्फाचंच पाणी चालतं. चुना म्हणजे विष. ऑरिनच्या घरात हे पोरासोरांनाही ठाऊक. आत्या मात्र तरुणपणीच मिलवॉकीला गेलेली. दलदलीत तिचा बूट कधी भिजला नव्हता. आत्याचे डोळे आधीच भरले होते.

बादली घेऊन ऑर्डिस अंगणात गेली. बर्फ भरून आणला, शेगडीवर वितळवला, निवू दिला. पेटीतलं पाणी उपसलं, शेवाळ धुतलं, पुन्हा धुतलं आणि कात्री घेऊन त्याचे बारीक तुकडे करायला लागली.

"अगं, काय करतेस हे!" आत्या ओरडली.

"मेलेल्याला आणखी मारतेय," लायल म्हणाला.

"शेवाळ ओढून झालं की बाबा काय करायचे? विसरलास?"

लायल विसरला नव्हता. उरलेला चुरा बाबा परत तिथेच विखरायचे आणि दोघा पोरांना त्यावर नाचायला लावायचे. 'तुडवा, चांगलं तुडवा!' काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा गादीसारखं शेवाळ.

"ती दलदल होती," तो म्हणाला. "ही पेटी आहे."

"मग पेटीत तुडवते." तिने चुरा मुठीने दाबला.

"आणि नाही आलं तर?"

"तर मेलेलं सांभाळीन. माझं घर, माझी खिडकी."

हिवाळाभर लायल येता-जाता विचारायचा, "काय म्हणतंय तुझं स्मशान?" ती बर्फ वितळवत राहायची. आत्याने फोनवर सुचवलं, "नवीन आण ना, दुकानात मिळतं म्हणे."

"मिळतं, आत्या. पण ते बाबांच्या दलदलीतलं नसतं."

अंगणातला बर्फ विरळ झाला तेव्हा चुऱ्यात मोहरीएवढे हिरवे ठिपके दिसले. लायलने झाकण उचलून जवळजवळ नाकच आत घातलं. बराच वेळ तो वाकून बघत राहिला.

"एवढंच?" त्याने विचारलं. झाकण अजून हातातच होतं.

"एवढंच. आणि झाकण लाव, वारा लागतोय त्याला."