अकरा सेकंदांची बासरी

भाचीने मला दोन पानं लिहायला सांगितली आणि माझं आठवडाभराचं वाचन बोंबललं.

"मामा, बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. सोबत छोटी पुस्तिका काढतेय. त्या बासरीच्या शॉटबद्दल तूच लिही. त्या दिवशी त्यांच्या शेजारी तूच तर बसला होतास."

बसलो होतो, हे खरं. घोळ तिथेच आहे.

तिचे बाबा म्हणजे माझे भावोजी. टेलिव्हिजनवर संगीताचे कार्यक्रम दिग्दर्शित करण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं चित्रं रंगवण्यात. मी वाचनालयात कारकून होतो. मला गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण पुस्तकं चाळून चाळून नोटेशन वाचायला शिकलो होतो. तेवढ्यावर भावोजींनी मला सायंकाळच्या थेट कार्यक्रमांना बसवायला सुरुवात केली. बायकोच्या भावाला चिकटवला, असं लोक म्हणत. मलाही तसंच वाटे.

काम सोपं होतं. समोर पाच कॅमेऱ्यांचे पाच छोटे पडदे आणि घराघरांत जाणारं चित्र दाखवणारा एक मोठा. मधल्या खुर्चीत भावोजी, डावीकडे बटणं दाबणाऱ्या बाई, उजवीकडे मी. नोटेशनच्या वहीवर बोट ठेवून मात्रा मोजायच्या आणि पुढे कोणतं वाद्य वाजणार ते चार मात्रा आधी सांगायचं. मी म्हणे, "पुढे व्हायोलिन." भावोजी म्हणत, "दोन." बाई दोनचं बटण दाबत आणि घराघरांत व्हायोलिनवाला दिसे.

त्या दिवशी मी बोट ओलं करून पान उलटलं आणि दोन पानं एकदम उलटली. मी म्हणालो, "पुढे बासरी." भावोजी म्हणाले, "तीन." मोठ्या पडद्यावर बासरीवाला आला. बासरी त्याच्या मांडीवर आडवी पडली होती. तो वाजवत नव्हता. मान किंचित कलती करून बाकीच्यांचं ऐकत होता आणि त्याचे ओठ सूर नसलेलं काहीतरी पुटपुटत होते. अकरा सेकंद तो तसाच दिसत राहिला.

आता भावोजींची नोकरी जाणार आणि ताई मला घरात घेणार नाही, एवढंच डोक्यात होतं. झालं भलतंच. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने लिहिलं की वाजवणारे सगळेच दाखवतात, ऐकणारा वादक दाखवणारा दिग्दर्शक आज भेटला. मग भावोजींना मोठे कार्यक्रम मिळत गेले, सन्मान मिळाले. पुढे ते चित्रं रंगवू लागले तीही तसलीच. वाद्य मांडीवर ठेवून आपली पाळी येण्याची वाट बघणारी माणसं. एकाही चित्रात कोणी वाजवत नाही.

आणि हे सगळं माझ्या थुंकीवर उभं आहे, असं मी तीस वर्षं मानत आलो. कोणाला बोललो नाही. बोलण्याचा माझा स्वभाव नाही, आणि खरं सांगायचं तर मला नीट खात्रीही नाही. भावोजींना चूक कळलीच नव्हती की कळूनही त्यांनी ती ठेवली? कळलीच नसेल तर मी लिहिलेलं वाचून म्हाताऱ्या माणसाचं काय होईल? आणि लिहिलं नाही तर मी छापील कागदावर खोटं बोलणार. वाचनालयात जन्म काढलेल्या माणसाला ते जमत नाही.

तीन मसुदे फाडले. चौथा खिशात घालून, आधी त्यांनाच दाखवावा म्हणून दुपारी त्यांच्याकडे गेलो.

दार ताईने उघडलं. "आलास? बरं झालं. ते सकाळपासून एका चित्रासमोर बसलेत. ना रंगवतात, ना जेवायला उठतात. तू जाऊन बस शेजारी, म्हणजे दोन पुतळे होतील."

मागच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. भावोजींनी मान न वळवता विचारलं, "काय पंडित, लिहून झालं?"

"झालं. पण छापण्याआधी तुम्ही वाचा. नको असेल तर फाडून टाका."

त्यांनी कागद घेतला. चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाशी धरून वाचला. मी खिडकीबाहेर बघत होतो. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं.

"दोन पानं उलटली, हे तू आज सांगतोयस होय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, मी तुझ्या शेजारी बसलो होतो. तिसऱ्या सेकंदाला तू पान मागे घेतलंस, बोट बरोबर जागी ठेवलंस. तेही मी पाहिलं."

"मग तुम्ही बदललं का नाही?"

"तू काही बोलला नाहीस. पान सापडूनही गप्प बसलास. मला वाटलं, हा शिकलेला माणूस, याला त्या बासरीवाल्यात काहीतरी दिसलंय. राहू दे म्हणतोय."

"मी घाबरलो होतो, भावोजी. तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा मला वाटलं, तुम्हालाच ते हवंय."

"मीपण घाबरलोच होतो," ते म्हणाले. "बाई माझ्याकडे बघत होत्या, मी तुझ्याकडे."

"मग ते ठेवलं कोणी?"

"तेच मी तीस वर्षं तुला विचारीन म्हणतोय. तू 'मीच' म्हणालास तर काय करायचं, म्हणून नाही विचारलं."

मला आधीपेक्षा मोकळं वाटतंय की जास्त गोंधळल्यासारखं, ते ठरवता येईना. पहिले तीन सेकंद माझे, हे नक्की. उरलेले आठ कुणाचेच नव्हते.

"कागद तसाच दे पोरीला," ते म्हणाले. "फक्त हे बाकीचंही लिही. आणि आता इकडे ये."

त्यांनी चित्र माझ्याकडे वळवलं. त्यात ती खोली होती, पाच छोटे पडदे आणि मोठ्या पडद्यावर मांडीवर बासरी घेतलेला माणूस. डावीकडे बाई, मधे पाठमोरे भावोजी. उजवीकडे वहीवर वाकलेला मी. माझे तेव्हाचे केस, बुशशर्टचं तुटकं बटण, बोटावरचा शाईचा डाग, सगळं होतं. तोंड तेवढं नव्हतं. नाकाखाली नुसता कोरा कॅनव्हास.

"प्रदर्शनात हे लावायचंय," ते म्हणाले. "तिसऱ्या सेकंदाचं आहे. त्या स्टुलावर बस आणि तोंड त्या दिवशीसारखं कर."

मी बसलो. गुडघ्यावर वर्तमानपत्र ठेवून त्यावर बोट ठेवलं. मान खाली घातली. मग लक्षात आलं की मला माहीतच नाही. मी बोलायला तोंड उघडलं होतं आणि आवाज फुटला नव्हता, की मुळात उघडलंच नव्हतं?

"भावोजी, उघडं ठेवू की मिटलेलं?"

ब्रश हातात तसाच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मला आठवत असतं, तर तुला कशाला बसवलं असतं?"