खंडेनवमीचा सर्व्हर

गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात डॉक्टरांनी भावनाला सक्त झोपून राहायला सांगितलं आणि तिचं ऑफिस डोंबिवलीच्या घरातल्या पलंगावर आलं. कंपनीचे सर्व्हर मात्र कोलशेतला, तिच्याच वडिलांच्या गाळ्यात. परशुराम म्हात्रे एकेकाळी मिठागरात राबलेले. आता गाळे भाड्याने देतात, पण त्या यंत्रांची बडदास्त अशी ठेवतात, की जावयाला हेवा वाटावा.

लांबून सगळं सांभाळायची सोय भावनाने आधीच केली होती. सर्व्हर बंद असला तरी त्याच्या आत एक छोटी वेगळी यंत्रणा जागी असते. तिची वीज आणि तिची वायर शाबूत असली, की डोंबिवलीत बटण दाबून कोलशेतचं यंत्र चालू होतं. आज ऑफिसला सुट्टी, म्हणून तिच्या साहेब वल्लरी मॅडमनी हेच दाखवायला सांगितलं होतं. जमलं तर बाळंतपणापर्यंत काम भावनाकडे, नाहीतर दुसऱ्याकडे. मॅडम मायाळू होत्या, पण शब्दाला पक्क्या.

मॅडम व्हिडिओवर आल्या आणि भावनाने सुरुवात केली. पलीकडे सामसूम. सर्व्हर नाही, ती छोटी यंत्रणाही नाही. मॅडमच्या देखतच तिने फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, गाळ्यात लाइट गेलीय का?"

"लाइट हाय गो बाय. आज खंडेनवमी ना! सगली पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घातलेत. वायरीपन काढल्या. बिचारी वरीसभर जागतात, एक दिवस निजू देत की."

हसावं की रडावं, भावनाला कळेना. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याआधी हलवायचं नाही, हा घरचा नेम. मिठागरातलं फावडंसुद्धा बाबांनी या दिवशी कधी उचललं नव्हतं. आता त्यांनाच तो नेम मोडायला सांगायचा! तरी तिने सगळं सांगितलं. "नाही झालं तर काम जाईल, बाबा. नाहीतर मलाच उठून तिकडे यावं लागेल."



"कुठची वायर आधी?" बाबांनी विचारलं.

"विजेची. मग मागची निळी."

खुडबुड झाली. मग बाबांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. ते यंत्राशी बोलत होते. "रागावू नको रे. आजचा दोष माझ्या माथी. उद्या हवं तेवढं निज. पन आज माझ्या पोरीला उठवू नको."

पडद्यावर छोटी यंत्रणा जागी झाली. वल्लरी मॅडम चष्मा काढून पुसत होत्या. भावनाला रडू आवरेना. तिने आडव्यानेच बटण दाबलं.