उद्घाटनाचा थेंब

निशिगंधाने दुसऱ्यांदा कालवलेलं मिश्रण डब्यासकट कचऱ्याच्या पिंपात आपटलं.

"घ्या, मावशी! हेही गेलं. आता विचारा तुमच्या अण्णांना, मोशीत मुक्कामच ठोकलाय का म्हणून."

सकाळपासून अण्णा वाटेवरच्या मोशीतच अडकले होते. चाकणच्या त्या लहानशा कारखान्यात एलईडीची नवी लाइन सुरू व्हायची होती आणि तिचं बटण जवळच्या गावचे पुढारी धोंडीबाअण्णा यांच्याच हस्ते दाबलं जाईल, असा मालक आदिनाथशेठचा हुकूम होता. शेठ शाल-फेटा घेऊन गेटवर उभे. मधूनमधून त्यांचा फोन यायचा, "पोचलेच, तयारी ठेव," आणि लाइनची जबाबदारी असलेली निशिगंधा बिचारी तयारी ठेवायची.

तयारी म्हणजे काय, हे शेठना कुणी सांगावं? निळ्या उजेडाच्या चिपवर फॉस्फरच्या पिवळ्या पावडरीचा थेंब पडला की उजेड पांढरा होतो. पण ती पावडर सिलिकॉनच्या चिकट रसात एकदा कालवली की थेंब लगेच सोडावे लागतात. नाहीतर रस आळू लागतो, पावडर तळाला बसते, आणि मग एक दिवा पिवळट, दुसरा निळसर. शेठचं आपलं एकच, "अगं, परत ढवळ की! चहा नाही का ढवळत?"

पावडर आता एकदाच कालवण्यापुरती उरली होती. ऑफिसात ग्राहक कंपनीचा जयदीप नमुन्यांसाठी खोळंबला होता. आधीचे नमुने नापास झालेले. आज हातात काही पडलं नाही तर गाड्यांच्या दिव्यांचं काम दुसरीकडे जाणार, आणि लाइनसाठी घेतलेल्या पोरी घरी बसणार.

"मावशी, मी लावते मशीन."

गवराबाई मशीनला पाठ लावून उभी राहिली. अण्णांच्याच गावची, कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. तिची सून पुनमही या नव्या पोरींतच होती.

"न्हाई. नारळ फुटल्याबिगर नव्या मशिनीला हात लावायचा न्हाई."

"अहो, पुनमची नोकरी गेल्यावर काय करणार आहात? आरती?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. गवराबाईने टोपी काढली, अंगातला पांढरा डगला काढला आणि दार लोटून निघून गेली. गेली असेल शेठकडे चुगली करायला. जाऊ दे, निशिगंधाचं डोकं नुसतं भणभणत होतं.

थोड्या वेळाने गवराबाई परत आली. हात धुतलेले, टोपी नीट बसवलेली.

"भायेर चपलांपाशी फोडून आले नारळ. लाव आता."

"आणि शेठ?"

"त्ये हायेत गेटावर. तू पावडर काढ."

निशिगंधाने पावडर काढली. भराभर कालवली, बुडबुडे काढले, आणि बटण दाबलं. थेंब पडत गेले. थेंब पक्के करणाऱ्या भट्टीतून निघालेली दिव्यांची पट्टी तिने उजेड मोजायच्या मीटरखाली धरली. एकूणएक दिवा पांढराशुभ्र! जयदीपने स्वतः पुन्हा तपासलं, मान डोलावली आणि नमुने घेऊन तो मागच्या गेटने निघून गेला. अण्णा तोवरही मोशीतच होते.

अखेर ते आले. सत्कार झाला, भाषण झालं. फेट्यावरच प्लास्टिकची टोपी चढवून अण्णा लाइनपाशी आले आणि त्यांनी बटण दाबलं. थेंब सोडणारी सुई चिपवर वाकू लागली, उठू लागली. आत पावडरीचा कणही नव्हता.

अण्णा खाली वाकले. कोरड्या सुईकडे बराच वेळ बघत राहिले. मग मान न वळवता हळूच म्हणाले,

"उरकलं व्हय गं तुमचं, गवरा?"

"व्हय, अण्णा. न्यायला आलेला मानूस थांबंना."

"ब्येस केलं. मलाबी लई उशीर झाला."

शेठ दोन पावलं मागे मोबाइल धरून उभे होते. अण्णा सरळ झाले.

"शेठ, येक नंबर पडतंय! काय मशीन हाय राव!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्या माणसाला सकाळपासून शिव्यांची लाखोली वाहिली, त्याच्यासाठी निशिगंधा तळहात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होती.